राईतला पाचोळा

माघ सरत आला की आमच्याकडे वालाच्या शेंगा भरतात. भात कापून झाल्यावर शेतात जी ओल मागे राहते तिच्यावरच वाल वाढतो. त्याला कुणी पाणी देत नाही. पहाटेचं दंव आणि जमिनीने पोटात धरून ठेवलेला पावसाळा, एवढ्यावर त्याचं भागतं. या दिवसांत खांब गावाच्या हमरस्त्यावरून आत आमच्या गावाकडे वळलं की संध्याकाळी कुठे ना कुठे धूर दिसतोच. मडक्यात शेंगा, जाडं मीठ, ओवा, खाली-वर भांबुर्ड्याचा पाला, मडकं उपडं घालून भोवती जाळ. अशी पोपटी लागली की तो उग्र, कडवट-गोड वास अंगणाअंगणातून फिरतो. पोरं अजून आठवणीने वाडगाभर शेंगा आणून देतात. मी दोन शेंगा सोलतो आणि वाडगा सुनेकडे सरकवतो. दात नाहीत म्हणून, असं तिला वाटतं. तसंच वाटू देतो.

यंदा धुराबरोबर आवाजही येतो आहे. जाखमातेच्या राईतल्या कुंडाचा कोबा फोडायचं काम चाललंय. घण पडतो, मग थोडा वेळ काही नाही, मग पुन्हा पडतो. ओटीवरच्या खुर्चीत बसून मी ऐकत राहतो. उठून बघायला जावं एवढं बळ पायांत आहे, पण जात नाही. तो कोबा माझ्याच हौसेने घातला गेला होता. देवस्थान कमिटीचा चिटणीस मी होतो. सिमेंट आणायला पेणला गेलो होतो तोही मीच.

ज्यांनी ती राई पूर्वी पाहिली नाही त्यांना ती सांगणं अवघड आहे. बाहेर ऊन रणरणत असलं तरी आत शिरल्यावर अंगावर ओला पंचा टाकल्यासारखं वाटे. गारंबीच्या वेली माणसाच्या मांडीएवढ्या जाड. पायाखाली पाचोळ्याचा थर असा, की पावलाचा आवाज न होता पाऊल नुसतं खाली जाई. वरची पानं कोरडी, त्याखालची ओलसर, त्याखालची काळी, आणि अगदी खाली हात घातला तर पान कुठलं आणि माती कुठली हे कळत नसे. मधोमध कौलारू देऊळ आणि देवळामागे दगडी कुंड. कुंडाच्या तळातून झरा उमळायचा. वैशाखातही बुडबुडे दिसायचे.

राईतलं पान उचलायचं नाही, हा नियम. लाकूड तर सोडाच, वाळलेलं पानसुद्धा नाही. बाहेर पडताना वेशीच्या दगडापाशी सगळे थांबत. पुरुष धोतर झटकत, बायका पदर झटकत, एकमेकींच्या अंबाड्यात अडकलेली काडी काढून देत. एखादं पान चुकून घरी आलंच तर ते परत नेऊन ठेवायला जावं लागे. माझ्या लहानपणी आई मला एका पानासाठी भर उन्हात माघारी घेऊन गेली होती. तेव्हा मला हे सगळं गमतीचं वाटे. पुढे रोह्याजवळच्या कंपनीत लागलो, स्टोअरमध्ये शिफ्टा करू लागलो, चार माणसांत बसू-उठू लागलो, तेव्हा अडाणीपणाचं वाटू लागलं.

पण नुसता माझा शहाणपणा त्याला कारण होता असं म्हटलं तर तेही खोटं ठरेल. भाताची रोपं करायची तर राब भाजावा लागतो. पेरायच्या जागेवर पाला, शेण, काटक्या पसरून जाळायच्या, की जमीन भुसभुशीत होते आणि तण मरतं. फाल्गुन लागला की गावातल्या बाया पाल्यासाठी डोंगर चढत. जवळचे डोंगर उघडे झाले होते, पाला लांब लांब जात चालला होता. माझी बायको दिवसाला दोन भारे आणायची आणि संध्याकाळी मान धरून बसायची. एकदा म्हणाली, "देवीच्या दारात एवढा पाला कुजतोय, आणि आमी वाघासारख्या डोंगर हिंडतोय. देवी बाईच हाय ना? तिला कळत नाय?"

तिचा तो प्रश्न माझ्या डोक्यात राहिला. म्हणून मी कमिटीत विषय काढला. राईची सफाई करू, पाला राबासाठी घरोघर वाटू, कुंड नीट बांधून घेऊ. तालुक्याला तेव्हा स्वच्छ देवस्थानांची स्पर्धा निघाली होती, तेही मनात होतं. सगळ्यांना पटलं. फक्त कौल घ्यायला हवा, असं ठरलं.

गुरव होता पांडूदादा. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा, लहानपणापासूनचा सोबती. कौल लावायची रीत अशी, की देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओलं फूल चिकटवायचं आणि प्रश्न विचारून थांबायचं. उजवं आधी पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. पांडूदादाने फुलं लावली, गाऱ्हाणं घातलं. डावं फूल टपकन पडलं.

मी म्हणालो, "दादा, दारातून वारा येतोय. पुन्हा लाव."

त्याने पुन्हा लावली. पुन्हा डावं.

"पाणी कमी लागलंय उजव्याला नायतर जास्ती. परत लाव."

तिसऱ्या खेपेला उजवं पडलं. ढोल वाजला, नारळ फुटला. मी कुणाला फसवलं नव्हतं, सगळ्यांच्या देखत झालं होतं. बाहेर पडताना पांडूदादा माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "वसंता, आयकडं तीनदा मागितलं तर ती देते. पन ते देणं नसतं, वैताग असतो."

मी हसलो. त्याची पाठ थोपटली असेल बहुतेक.

त्या फाल्गुनात राई झाडून निघाली. पोत्यांनी पाला गेला. वेली तोडल्या, पडलेली खोडं ओढून काढली, उभ्या झाडांना चुना आणि गेरूचे पट्टे मारले. वेशीपासून देवळापर्यंत फरशी आली. कुंडाच्या शेवाळलेल्या दगडांवर आणि तळाला गुळगुळीत कोबा आला, झऱ्याच्या तोंडाशी तेवढा एक पाइप ठेवला. पुढच्या वर्षी पुन्हा झाडलोट, पुन्हा पाला. तालुक्याहून साहेब आले, म्हणाले, देवस्थान असावं तर असं. ढाल मिळाली. ढालीबरोबरच्या फोटोत मी मधोमध उभा आहे. माझ्या बायकोच्या मानेचं दुखणं त्या दोन वर्षांत खरोखरच कमी झालं होतं. तिला आठवताना ही गोष्ट मी नेहमी आठवतो. ती गेली त्याला आता बरीच वर्षं झाली.

मग तो वालाचा हंगाम आला.

त्या वर्षी शेंगा धरल्या पण भरल्या नाहीत. राईच्या खालच्या अंगाला जी शेतं होती, जिथला वाल तालुक्यात नावाजलेला, तिथे तर वेल पिवळेच पडले. जमीन लवकर तडकली. माघातच कुंडातलं पाणी घोट्याखाली गेलं, आणि एका सकाळी पांडूदादा देवीच्या आंघोळीला पाणी आणायला गेला तो रिकामी घागर घेऊन परत आला. पाइपातून थेंब येत नव्हता. कोब्यावर वाळलेल्या मातीच्या खपल्या धरल्या होत्या. कुणाच्याच आठवणीत असं झालेलं नव्हतं.

लोक घाबरले. मी आजवर कधी कबूल केलं नाही, पण मला त्याच दिवशी कळलं होतं. राईच्या मातीला हात लावला तर ती रस्त्यावरच्या मातीसारखी झाली होती, उन्हात तापलेली. जी चादर पावसाचं पाणी धरून ठेवत होती ती आम्ही उचलून जाळली होती. जिथून पाणी श्वास घेत होतं तिथे सिमेंट भरलं होतं. हे समजायला फार शिकावं लागत नाही. मी मात्र स्वतःला सांगत राहिलो, की पाऊसच कमी झाला असेल.

सभामंडपात गाव जमलं. कारण शोधायचं होतं. तीन वेळा लावलेल्या कौलाबद्दल कुणीतरी तोंड उघडणार, एवढ्यात मागून कुणी म्हणालं, की अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी पांडू गुरवाच्या घरातली कुंडावर गेली होती, बसायच्या दिवसांत, विटाळशी. कुणी पाहिलं, असं विचारल्यावर दोघी-तिघींनी एकमेकींकडे बोट केलं. पण शब्द एकदा मंडपात पडला की तो उचलून परत कोण देणार? सगळ्यांच्या चेहऱ्यांवर सुटल्यासारखं आलं. कारण सापडलं होतं, आणि ते कुणाच्या शेतात, कुणाच्या राबात, कुणाच्या ढालीत नव्हतं.

वहिनी, म्हणजे पांडूदादाची बायको, मंडपाच्या खांबाशी उभ्या होत्या. म्हणाल्या, "मी गावातच नव्हते. माझ्या बापाला बरं नव्हतं, मी पेणला माहेरी व्हते."

"कुनी बघितलं?" एक म्हातारी म्हणाली. "आता काय बी सांगशील गो."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं.

मी पाहिलं होतं. त्याच दिवशी मी कंपनीतून रजा काढून पेणला गेलो होतो. रामवाडीच्या थांब्यावर उतरलो तर समोर वहिनी, हातात मिठाची पिशवी, बरोबर भाऊ. त्यांचं माहेर खाडीकडच्या मिठागरातलं. भाऊ त्यांना चहाला घेऊन चालला होता, मलाही ओढलं. आम्ही तिघांनी बाकड्यावर बसून चहा घेतला. वहिनी म्हणाल्या, "भावजी, तुमच्या दादाला सांगा, अजून चार दिवस राहीन. आबांना उठवत नाय." निरोप मी दादाला दिलाही होता. पण नवऱ्याच्या सांगण्याला मंडपात कोण धरणार होतं? माझं सांगणं धरलं असतं. मी चिटणीस होतो, शिकलेला होतो, ढाल आणणारा होतो.

मी उठलो असतो तर पुढचा प्रश्न आला असता. ती नाही, तर मग झरा का आटला?

मी पायाच्या अंगठ्याकडे पाहत बसलो. एवढंच केलं. पुष्कळ वर्षांनी माणसाला वाटतं, की काहीतरी भयंकर केलं असेल म्हणून एवढं टोचतंय. आठवून बघावं तर बाकी काही नाही, नुसता पायाचा अंगठा.

ठराव असा झाला, की वहिनींनी देवळाची पायरी चढायची नाही. त्यांच्या हातचा नैवेद्य देवीला चालायचा नाही. बाकी सगळं पूर्वीसारखं. लग्नाला बोलावणं, हळदीला बोलावणं, वाटेत भेटल्यावर "कशी हायस गो" म्हणणं. आमचं गाव वाईट नाही. कुणी त्यांना टाकून बोललं नाही, कुणी पाणी तोडलं नाही. फक्त जत्रेच्या दिवशी सगळ्या बाया ताटं घेऊन निघत तेव्हा वहिनी दारात उभ्या राहून त्यांना वाट देत. पांडूदादा पूजा करत राहिला. गुरवकीच ती, सोडणार कशी? पण माझ्याशी तो त्यानंतर कामापुरतंच बोलला. तो गेला तेव्हा मी खांदा दिला. देवळासमोर तिरडी टेकवली, तेव्हा आतून तीर्थ आणायला दुसऱ्याची बायको गेली.

वर्षं जातात कशी, हे म्हातारपणी सगळे विचारतात. माझी तरी शिफ्टांमध्ये गेली. दरवर्षी वालाच्या शेंगा भरल्या की मनात यायचं, यंदा सांगून टाकू. मग शेंगा वाळायच्या, झोडपणी व्हायची, वाल डब्यात जायचे. पुढच्या माघापर्यंत मी मोकळा असायचो. गुन्ह्याची टोचणी रोज असते असं पुस्तकात लिहितात. माझ्या बाबतीत तसं नव्हतं. ती हंगामी होती, पिकासारखी, आणि तिला पाणी घालावं लागत नव्हतं.

यंदा निलेश आला. गावातल्या तरुण मंडळाचा अध्यक्ष, तोही कंपनीतच आहे. उत्साही माणूस. म्हणाला, "काका, राई परत उभी करायची. फरशी उखडायची, कोबा काढायचा. पान उचलायचं नाय, जुना नियम परत लावायचा. सुरुवातीला कार्यक्रम ठेवलाय, तुमचा सत्कार."

"माझा कशाला?"

"वा! राईचं पहिलं काम कुनी केलं? ढाल अजून देवळात हाय."

"अरे, जे मी घातलं तेच तुम्ही काढताय."

"तेव्हाच्या हिशेबानं तुमचं बरोबर व्हतं, काका. आताच्या हिशेबानं आमचं." तो हसत चहा प्यायला आणि गेला. त्याच्या बोलण्यात काही खोट नव्हती, म्हणूनच मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी वहिनींकडे गेलो. ओटीवर बसून त्या बिरड्यासाठी भिजवलेले वाल सोलत होत्या. मोड आलेला वाल दोन बोटांत धरून दाबायचा, साल हातात आणि दाणा ताटात. मी बसलो. सगळं बोललो. रामवाडी, चहा, मंडप, कोबा. त्यांचे हात थांबले नाहीत.

बोलून झाल्यावर त्या म्हणाल्या, "माला काय सांगता? मी कुठं व्हते ते माला ठाव नाय व्हय?"

"माफी मागायला आलो, वहिनी."

"माझ्या ओटीवर? इथं कोन हाय, मी आनि मांजर. ज्या मंडपातनं माला उठवली, तितं सांगा."

कार्यक्रम त्याच मंडपात होता, सगळं गाव होतं. शाल अंगावर पडली, नारळ हातात आला. मला माइकची सवय नाही, तरी उभा राहिलो. म्हणालो, "झरा देवीच्या कोपाने आटला नाही. मी पाला उचलायला लावला, मी कोबा घालायला लावला, म्हणून आटला. कौल दोनदा डावा आला होता, मी तिसऱ्यांदा मागितला. पांडू गुरवाच्या बायकोचा त्यात काही दोष नव्हता. त्या दिवशी ती पेणला होती. मी डोळ्यांनी पाहिलं होतं आणि गप्प बसलो."

मला वाटलं, आता कुणी उठेल, विचारेल, ओरडेल. ओरडलंच पाहिजे.

निलेशने माइक घेतला. त्याचा आवाज भरून आला होता. "बघा, मान्सं कशी असतात. एवढं काम केलं, ढाल आनली, आनि सगळा दोष सोताच्या डोक्यावर घेतला. आजच्या जमान्यात कोन घेतो? जोरदार टाळ्या काकांसाठी!"

टाळ्या वाजल्या. बराच वेळ वाजल्या. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनीही वाजवल्या. त्यांतले काही त्या दिवशीही मंडपात होते. एकाने जवळ येऊन माझा हात दाबला, म्हणाला, "जाऊ दे वसंता, जुनं झालं सगळं." मग भजी आणि चहा आला.

शाल तशीच खांद्यावर घेऊन मी वहिनींच्या दारात गेलो. त्या उंबऱ्यात उभ्या होत्या. मी काही बोलायच्या आधीच म्हणाल्या, "आयकलं. भोंगा माझ्याच घराकडं तोंड करून लावलाय."

"सांगितलं मी, वहिनी."

"व्हय. टाळ्या बी आयकल्या. कुनाला पडल्या?"

मी शाल काढून हातात घेतली.

"आनि भावजी, पांडू गुरवाची बायको म्हनलात. माला नाव हाय का नाय? उठवली तवा 'पांडूच्या घरातली' म्हनून उठवली. आज तुमी 'पांडूची बायको' म्हनून बशिवता. गावातल्या नव्या पोरींना कोन ती म्हातारी, ते तरी कळलं का?"

त्या रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. दमलेल्या होत्या, माझ्याहूनही जास्त.

म्हणून हे लिहायला बसलो. तोंडाने सांगितलेलं लोक आपल्याला हवं तसं ऐकतात, हे मला या वयात कळलं. तेव्हा साध्या शब्दांत, कुणाला मोठेपणा वाटणार नाही असं लिहितो. त्यांचं नाव सुगंधा पांडुरंग गुरव. ज्या दिवशी त्या कुंडावर गेल्याचं गाव म्हणालं, त्या दिवशी सुगंधाबाई पेणला होत्या, आणि हे मला माहीत होतं. त्या गेल्या असत्या, तरी त्यांच्या जाण्याने झरा आटला नसता. झरा आम्ही आटवला, आणि दोष त्यांना दिला, कारण तो द्यायला त्या सोयीच्या होत्या. पायरी चढायची बंदी अजून उठलेली नाही. ती कुणी उठवलीच नाही, कारण आता ती कुणाला आठवतच नाही. फक्त त्यांना आठवते. जत्रेच्या दिवशी त्या अजून दारातच उभ्या राहतात.

कोबा फोडून झाला आहे. खाली जुने दगड लागले, कोरडे. पाणी परत येईल का, हे विचारायला पोरं माझ्याकडे येतात. मला माहीत नाही. पाचोळा पुन्हा तेवढा साचायला किती पावसाळे लागतील, तेही माहीत नाही. ते बघायला मी नसेन.

काल हे सगळं सुगंधाबाईंना वाचून दाखवलं. त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं. मी कागद खाली ठेवला तसा त्यांनी तो उचलून परत माझ्या हातात दिला.

"जत्रेला हे वाचा," त्या म्हणाल्या. "मंडपात उभं राहून. आनि मधेच टाळ्या वाजल्या तर थांबा. लोक गप्प झाले की परत पयल्यापासनं वाचा."